एकट्याचे दुकान, पंचांचा निवाडा आणि गावचा कर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गृहस्थांनी या पेठेतील व्यापाऱ्यांचे आपसांतले तंटे, कोणाकडून एका पैचाही मोबदला न घेता, दोन्ही बाजूंचे शांतपणे ऐकून घेऊन हयातभर मिटवले, आणि त्याच व्यापाऱ्यांच्या दारी घरपट्टीचे वाढीव बिल आले किंवा त्यांचा माल जकात नाक्यावर अडकून पडला म्हणजे त्यांचे अर्जही त्यांनीच लिहून दिले. तेव्हा त्यांच्या स्मृतीला अभिवादन करताना या दोन्ही कामांचा एकत्र विचार करावा, असे मला वाटले. वरकरणी पाहता लवादाचा करारनामा आणि स्थानिक कर यांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. एकाचा जन्मच संमतीतून होतो, दुसरा संमती विचारीत नाही. परंतु जो मनुष्य एकट्याच्या मालकीवर धंदा करतो त्याच्यापाशी ही दोन्ही बंधने येऊन मिळतात, आणि करारावर सही करण्यापूर्वी त्याने त्यांची सांगड घातली नाही तर लवादापुढे जिंकूनही तो कराच्या ओझ्याखाली दबून जाऊ शकतो. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

प्रथम हा एकटा मालक कायद्याच्या दृष्टीने कोण, ते पाहिले पाहिजे. कंपनीला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व दिले आहे आणि भागीदारीला निदान स्वतःचा असा एक कायदा आहे. पण ‘अमुक ट्रेडर्स’ किंवा ‘तमुक इंजिनिअरिंग वर्क्स’ अशी जी पाटी एकटा मनुष्य आपल्या दुकानावर लावतो, तिच्यामागे त्या मनुष्यावाचून दुसरे कोणीही उभे नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली अशोक ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले की, एकल मालकीची पेढी म्हणजे मालकाने धंद्यासाठी धारण केलेले केवळ एक नाव होय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसाव्या आदेशातील दहाव्या नियमान्वये त्या नावावर दावा लावता येतो. मात्र मालकाला स्वतः फिर्याद करावयाची असल्यास ती त्याने आपल्याच नावाने केली पाहिजे. म्हणून करारनाम्यात पक्षकाराचे नाव लिहिताना केवळ पेढीचे नाव न लिहिता मालकाचे पूर्ण नाव आणि ‘अमुक या नावाने व्यवसाय करणार’ हे शब्द घालावेत. याहून महत्त्वाचा परिणाम असा की, दुकानाचे देणे आणि घराचे देणे यांच्यामध्ये भिंत नाही: महापालिकेची थकबाकी असो की लवादाच्या निवाड्याची रक्कम असो, वसुलीचा हात मालकाच्या घरापर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रात हा एकटा धंदेवाईक नवा नाही आणि त्याची ही दोन बंधनेही नवी नाहीत. शिवकालापासून पेशवाईअखेर जे महजर, निवाडपत्रे आणि कतबे उपलब्ध झाले आहेत त्यांवरून असे दिसते की, पंचायत बसण्यापूर्वी वादी-प्रतिवादी राजीनामा लिहून देत, म्हणजे पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे असे लेखी बांधून घेत, आणि तो पाळण्याबद्दल जामीनही देत. पंचांच्या अधिकाराचा उगम त्या कागदात असे. याच्या उलट, पेठेतील दुकानदार आणि कारागीर यांच्याकडून मोहतर्फा नावाचा जो कर घेतला जाई, तो शेटे-महाजनांच्या मार्फत वसूल होत असला तरी त्याचा उगम हुजुरांच्या हुकुमात असे, आणि त्यासाठी कोणाकडून राजीनामा घेण्याची गरज पडत नसे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष, विशेषतः तिचा विलंब, मोकळेपणाने नमूद करूनही ती पद्धत राखावी असाच कौल दिला, आणि १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या सातव्या रेग्युलेशनने लवादाला कायद्याची चौकट मिळाली. पुढे सार्वजनिक सभेच्या काळात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी पुण्यात लवाद कोर्टाचा उपक्रम केला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सलोखा करणाऱ्यांची नेमणूक सुरू झाली. नंतर १८९९ चा, १९४० चा आणि अखेरीस आजचा १९९६ चा लवाद व सलोखा कायदा आला. या दीर्घ परंपरेत एक तत्त्व कधी बदलले नाही. पंच बसतात ते उभय पक्षांच्या रुकाराने बसतात, आणि जो तेथे नाही त्याच्यावर त्यांचा निवाडा चालत नाही.

आता प्रचलित कायद्याकडे येतो. १९९६ च्या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे लवादाचा करार लेखी असला पाहिजे. परंतु त्यासाठी वेगळा मुद्रांकित दस्तऐवजच हवा असे नाही. मोठ्या करारातील एक कलम, परस्परांना गेलेली पत्रे, इतकेच काय पण संगणकावरून पाठवलेले संदेश यांतूनही तो सिद्ध होऊ शकतो. मूळ करारावर मुद्रांक शुल्क भरलेले नसेल तर काय, हा प्रश्न काही काळ फार तापला होता. १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने तो मिटवला आणि मुद्रांकाचा अभाव हा दुरुस्त होऊ शकणारा दोष आहे, त्याने करार मुळातून शून्य होत नाही, असे सांगितले. एकट्या मालकाने याचा अर्थ असा घ्यावा की, ज्या कागदाकडे आपण पाहिलेही नाही त्या कागदावरील कलम आपल्याला बांधू शकते.

आणि येथेच माझ्या मते या विषयातील खरा अन्याय दडलेला आहे. लवादाचे सारे नैतिक बळ संमतीत आहे, हे मी आताच सांगितले. पण ज्याला मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवायचे आहेत किंवा एखाद्या नामांकित कंपनीचा माल जिल्ह्यात विकायचा आहे, त्या मनुष्यापुढे जो छापील करारनामा ठेवला जातो त्याच्या एका शब्दालाही त्याने हात लावावा अशी अपेक्षा नसते. वकिलीच्या दीर्घ काळात मी असे असंख्य करारनामे वाचले, आणि त्यांतील बहुतेकांत दोन कलमे ठराविक असत: पंच कोणी नेमावा हे कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक ठरवील, आणि लवादाचे स्थान कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी राहील. पैकी पहिल्या कलमाचा बंदोबस्त कायद्याने केला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने बाराव्या कलमाला पाचवे उपकलम आणि कायद्याला सातवी अनुसूची जोडून हितसंबंधी व्यक्तीला पंच होण्यास अपात्र ठरवले. २०१९ साली पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्याचा वादाच्या निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने पंच नेमूही नये. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने सार्वजनिक संस्थांच्या करारांतील एकतर्फी नेमणुकीची कलमे समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. हा निर्णय मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. दुसरे कलम मात्र अद्याप पूर्ण जोमात आहे. २०१७ सालच्या इंडस मोबाईल विरुद्ध डेटाविंड या प्रकरणात माल चेन्नईस जाई, पुरवणाऱ्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय अमृतसरला होते, आणि तरीही करारात लवादाचे स्थान मुंबई लिहिले असल्यामुळे मुंबईच्याच न्यायालयांना अधिकार आहे, इतरांना नाही, असा निकाल झाला. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याने दिल्लीचे स्थान मान्य केले असेल तर निवाड्याविरुद्धचा अर्जही त्याला दिल्लीतच करावा लागेल, आणि तोही निवाडा हाती पडल्यापासून तीन महिन्यांत, पुरेसे कारण असल्यास आणखी तीस दिवसांत. त्यानंतर एक दिवसही नाही.

आता कराकडे वळू. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने राज्याच्या, तसेच नगरपालिका, जिल्हा मंडळ इत्यादी स्थानिक संस्थांच्या लाभासाठी व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवर कर बसवण्यास मुभा दिली आहे. त्याची कमाल मर्यादा आरंभी वर्षाला २५० रुपये होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि आजतागायत तेथेच आहे. तामिळनाडूत हा कर स्थानिक संस्था वसूल करतात. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने तो राज्य शासनाने आपल्याकडे घेतला. एकट्या मालकाला या कायद्याखाली दोन भूमिका वठवाव्या लागतात, आणि पुष्कळांच्या हे ध्यानात येत नाही: स्वतःच्या धंद्यासाठी त्याने नावनोंदणीचा दाखला घेऊन स्वतःचा कर भरायचा, आणि कराला पात्र पगार असलेले नोकर ठेवले असतील तर वेगळी नोंदणी करून त्यांच्या पगारातून कर कापून तो शासनाकडे जमा करायचा. याशिवाय गाळ्याची घरपट्टी आहे. ठराविक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या नव्या दुकाने कायद्याप्रमाणे पूर्वीच्या गुमास्ता परवान्याऐवजी केवळ सूचना द्यावी लागते, ही सोय झाली. पण तिच्यामुळे करातून सुटका झाली असे मानणारे व्यापारी मला भेटले आहेत, आणि तो समज खरा नाही.

या करांविषयी वाद उत्पन्न झाला तर तो लवादापुढे नेता येईल काय? येणार नाही. बूझ अ‍ॅलनच्या २०११ च्या निकालाने व्यक्तीव्यक्तींमधील हक्क आणि सर्व जगाविरुद्धचे हक्क असा भेद केला. विद्या द्रोलियाच्या १४ डिसेंबर २०२० च्या निकालाने त्याला चार कसोट्यांचे रूप दिले, आणि त्यांतील एक कसोटी अशी की, राज्याच्या अहस्तांतरणीय सार्वभौम कार्याशी निगडित असलेला विषय खासगी पंचांपुढे जाऊ शकत नाही. कर बसवणे हे अशा कार्यांचे अगदी ठळक उदाहरण होय. घरपट्टीची आकारणी अवास्तव वाटत असेल तर मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील आहे, इतर महापालिकांतही न्यायाधीशाकडे अपिलाची तरतूद आहे. पण त्याची मुदत अगदी थोडी असते आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. माझा वाद लवादापुढे चालू आहे, निवाडा होईपर्यंत थांबा, असे उत्तर महापालिकेला देता येत नाही.

परंतु येथून पुढे जो भाग आहे तोच या व्याख्यानाचा गाभा होय. कर देय आहे की नाही आणि किती देय आहे हे पंच ठरवू शकत नाहीत. पण तो भरल्यानंतर त्याचा भार उभय पक्षांपैकी कोणी सोसावयाचा, हे करारातून ठरते आणि म्हणून ते पंचांच्या अधिकारात येते. राष्ट्रीय इस्पात निगम विरुद्ध दिवाणचंद रामशरण हा २०१२ चा निकाल या बाबतीत प्रत्येक पुरवठादाराने आणि कंत्राटदाराने समजून घेण्यासारखा आहे. करारात असे कलम होते की कराराच्या अंमलबजावणीत उद्भवणारे सर्व कर कंत्राटदार भरील. पुढे कायदा असा झाला की सेवा कर देण्याची जबाबदारी सेवा घेणाऱ्यावर, म्हणजे निगमावर, आली. निगमाने तो कर कंत्राटदाराच्या बिलांतून वळता करून घेतला. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, कायद्याने ज्याला करदाता ठरवले त्यानेच भार सोसावा. पंचाने निगमाच्या बाजूने निवाडा दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. कारण असे सांगितले की, शासनाच्या दृष्टीने करदाता कोण हे कायदा ठरवतो, परंतु अप्रत्यक्ष कराचा भार दुसऱ्यावर टाकण्याचा करार करण्यास उभय पक्षांना मोकळीक आहे, आणि पंचाने कराराचा लावलेला अर्थ संभवनीय असेल तर न्यायालयाने त्यात हात घालू नये. ‘सर्व कर’ हे दोन शब्द सहीच्या वेळी कोणी फारसे वाचत नाही. त्या शब्दांनी अस्तित्वात नसलेल्या आणि उद्या बसणाऱ्या कराचाही बोजा एका माणसाच्या माथी येऊ शकतो.

स्थानिक करांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने हा अनुभव प्रत्यक्ष घेतला आहे. २०१३ साली पुण्यासारख्या महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तो १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला पन्नास कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांपुरता उठला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईची जकातही इतिहासजमा झाली. पाच वर्षांच्या आत तीन वेळा व्यवस्था बदलली, आणि स्थानिक संस्था कर उठल्यावरही जुन्या वर्षांच्या निर्धारणाच्या नोटिसा दुकानदारांना येत राहिल्या. ज्यांनी ‘दर जकातीसह’ असे लिहून वर्षभराच्या पुरवठ्याचे करार केले होते त्यांच्यापुढे प्रश्न आला की, नाक्यावर कधी न भरलेला पण मागाहून दप्तरी आकारलेला हा नवा कर त्या दरात धरायचा की वेगळा मागायचा? माल विक्री कायद्याचे ६४-अ हे कलम विरुद्ध करार नसल्यास वाढलेला कर किमतीत मिळवण्याची मुभा देते खरे. पण त्यात सीमाशुल्क, उत्पादन शुल्क आणि विक्री-खरेदीवरील कर यांचाच उल्लेख आहे. गावात माल आणल्याबद्दलचा कर त्या यादीत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी कायदा मौन धरतो त्या ठिकाणी करारनाम्यानेच बोलले पाहिजे, आणि ज्याच्या करारनाम्यात त्याविषयी एक ओळ नव्हती त्याला पंचांपुढे उभे राहून काय मागावे हेही सुचत नसे.

गाळ्याच्या घरपट्टीविषयी थोडक्यात सांगतो. भाड्याच्या किंवा परवान्याच्या गाळ्यात धंदा करणारा मनुष्य घरपट्टी आपण भरू की मालक, हे करारात लिहून घेतो, आणि त्याखाली लवादाचे कलमही छापलेले असते. त्या कलमावर मुंबईत फार विसंबू नये. भाडे नियंत्रण कायद्याखालील वाद लवादापुढे जात नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने नटराज स्टुडिओज प्रकरणात १९८१ सालीच ठरवले आहे, आणि परवान्याच्या गाळ्यांचा ताबा व शुल्क यांविषयीचे वाद लघुवाद न्यायालयाच्याच अधिकारातले आहेत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००९ साली सेंट्रल वेअरहाउसिंगच्या प्रकरणात सांगितले. त्यानंतर या मुद्द्याची चर्चा पुन्हा झाली आहे, पण लहान माणसाने अशा चर्चेचा खर्च स्वतः सोसण्याचे कारण नाही.

कालाचा प्रश्न याहून कठीण आहे. माल पाठवून बीजक फाडले की वस्तू व सेवा कराचे देणे सुरू होते, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत की नसोत. आणि पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाशी लवाद चालवायचा तर कायद्याने ठरवलेली मुदतच बाजू मांडण्याचे काम पुरे झाल्यापासून बारा महिने, संमतीने आणखी सहा, अशी आहे. या मधल्या काळात कर, व्याज, पंचांचे मानधन आणि दुकानाचा खर्च एकाच खिशातून जातो. विहिरीतून पाणी उपसणाऱ्याला झऱ्याची वाट पाहण्यास वेळ मिळू नये, तशी ही अवस्था आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने या बाबतीत दिलेला दिलासा फार मोलाचा आहे. माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे देणे लांबवता येत नाही, लांबवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो. करारात दिल्लीचे स्थान आणि कंपनीचे कलम असले तरी परिषदेचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाली फूड्सच्या निकालात स्पष्ट केले. शिवाय निवाड्याविरुद्ध जाणाऱ्या खरेदीदाराला पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. या दिलाशाची एक सीमा मात्र मला खटकते. २०२१ साली किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जासाठी. विलंबित देण्याविरुद्धचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. जो भाग तयार करतो त्याला हे संरक्षण मिळते आणि तोच भाग जो जिल्ह्यात नेऊन विकतो त्याला मिळत नाही. कर दोघेही वेळेवरच भरतात. ही विषमता संसदेने दूर करावी, असे माझे ठाम मत आहे.

एक अप्रिय पण अटळ गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आज येथे दुकानदारांच्या घरची मंडळी बसली आहेत. मालक वारला म्हणजे पेढी संपते, पण तिची बंधने संपत नाहीत. लवाद कायद्याचे चाळिसावे कलम सांगते की, पक्षकाराच्या मृत्यूने लवादाचा करार नष्ट होत नाही. तो त्याच्या कायदेशीर वारसांच्या बाजूने आणि वारसांविरुद्ध अंमलात येतो. वस्तू व सेवा कर कायद्याचे त्र्याण्णवावे कलम असे की, वारसाने धंदा पुढे चालवला तर जुन्या कराची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि धंदा बंद केला तर मृताच्या मालमत्तेतून जेवढे भागेल तेवढ्यापुरतीच ती राहते. दुकान उघडे ठेवायचे की बंद करायचे, हा निर्णय तेराव्याच्या आत घेण्याची घाई करू नये. आधी कराराचे कागद आणि कराची दप्तरे एखाद्या जाणकाराला दाखवावीत. पतीच्या पश्चात दुसऱ्याच दिवशी दुकान उघडून बसलेल्या भगिनींना मागाहून जुन्या करांच्या नोटिसांना तोंड द्यावे लागलेले मी पाहिले आहे.

समारोपाऐवजी एक विनंती करतो. ज्याच्याजवळ वकील नाही, हिशेबनीस नाही आणि करारातले शब्द बदलून घेण्याइतकी पत नाही, त्या एकट्या माणसाला पंचेचाळीस पानांचा इंग्रजी करारनामा वाचायला सांगून काही साधणार नाही. पण प्रत्येक पेठेत व्यापारी मंडळ आहे, आणि मंडळाच्या शब्दाला वजन असते. त्या मंडळांनी एका पानाचा मराठी मसुदा तयार करावा: पंच दोघांच्या संमतीने किंवा उच्च न्यायालयाकडून नेमला जावा, लवादाचे स्थान पुरवठादाराचा जिल्हा असावे, करार केलेल्या दिवशी अस्तित्वात असलेले कर कोणते ते नावानिशी लिहावेत, आणि नंतर बसणारा, वाढणारा किंवा उठणारा कोणताही राज्य वा स्थानिक कर खरेदीदाराच्या हिशेबी धरावा, कराची पावती दाखवताच ती रक्कम मूळ वाद चालू असतानाही चुकती व्हावी. हा मसुदा मंडळाच्या सभासदांनी आपापल्या करारांना जोडावा आणि न जोडता आलेल्या करारांची नोंद मंडळाने ठेवावी. येत्या १ एप्रिलपूर्वी, म्हणजे नव्या वर्षाचे पुरवठ्याचे करार होण्यापूर्वी, या पेठेच्या मंडळाने हे काम हाती घ्यावे, आणि मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे निःसंकोच पाठवावा.